टाकीची मागची बाजू

नाही, नाही, बसायला सांगितलेलं नाही मी — आणि त्या खुर्चीवर तर मुळीच नको, तिचा मागचा पाय निसटतो. उभ्याउभ्याच बोला. म्हणजे तुमचं बोलून झालंय, मी ऐकलंय, उत्तरही दिलंय — गच्चीची चावी मिळणार नाही. नाही म्हणजे नाही. पाच मजले चढून आलात, धाप लागलीय, दिसतंय मला, पण लिफ्ट काय मी बंद पाडली? पाणी हवं तर देतो. चहा विचारणार नाही, राग मानू नका — किंवा माना, मला काय त्याचं. दोन आठवड्यांत या दारात कोण कोण उभं राहिलं नाही? पोलीस आले, चौकशी समितीवाले आले, पेपरवाले आले, विम्याचा एक माणूस आला — तो तर बुटांसकट थेट हिच्या खोलीत शिरत होता — आणि मोबाइल धरून दोन पोरं, 'काका, आवाज कसा आला ते करून दाखवा ना!' करून दाखवा! विमान पडल्याचा आवाज मी तोंडाने काढून दाखवायचा! हाकलून दिलं दोघांना. आणि आता तुम्ही. तुम्ही वडील. बरं. मुलगी गेली तुमची, वाईट झालं, एकोणीस हे काही वय नाही, मनापासून सांगतोय — पण माझ्या गच्चीवर काय ठेवलंय? गच्चीवर नाही पडली ती. मागच्या गल्लीत पडली, गॅरेजच्या पत्र्यावर. तिकडे जा ना. पोलिसांची पट्टी अजून आहे तिथे.

काय दाखवताय? कागद काय दाखवताय — थांबा, चष्मा घेतो. हं. वहीचं पान. तिने काढलंय हे? बरं काढलंय. ही धावपट्टी, हा मोठा रस्ता, हे हॉस्पिटलचं छप्पर, आणि इथे लाल पेन्सिलीने — 'लाल टाकी दिसली की डावीकडे वळ.' खाली दोन रेघा. हो, ती आमचीच टाकी. मग? मला नवीन आहे का हे? सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे की त्या विमान शिकवणाऱ्या शाळेची पोरं आमच्या टाकीवर वळतात. आणि ती टाकी लाल का, ठाऊक आहे तुम्हाला? आमच्या आधीच्या सेक्रेटरीने जिन्यातल्या आगीच्या बादल्या रंगवायला रंग आणला, सहा बादल्या, आणि आणला केवढा, तर वीस लिटर! डोकं नावाचा प्रकारच नव्हता. उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून टाकीला फासला. बस्स. हा इतिहास. त्या येड्याच्या उरलेल्या रंगावर तुमच्या शाळेने विमानं वळवायला शिकवलं, आणि विमान पडल्यावर जाब विचारायला माणसं कुणाकडे येतात? माझ्याकडे!

वाचलंय मी, कालच्या पेपरात आलंय, मलाही वाचता येतं. प्राथमिक अहवाल — 'वैमानिकाने वळण्यास उशीर केला.' वळायला उशीर झाला, मग धावपट्टी हुकू नये म्हणून वळण आवळलं, आवळल्यावर वेग पडला, विमान एका कुशीवर गेलं आणि खाली आलं. 'खुणेची टाकी जागेवर व सुस्पष्ट असल्याचे समितीने प्रत्यक्ष पाहिले.' पाहिलं ना? मग झालं तर. चार शिकलेली माणसं वर जाऊन पाहून आली, फोटो काढून आली. तुम्हाला काय वेगळं दिसणार आहे? तुमची बारकी उशीर करणाऱ्यातली नव्हती, कबूल. सगळं लिहून ठेवायची, कबूल. शाळेत कधी उशिरा गेली नाही, कबूल — अहो पण प्रत्येकाची मुलं घरी शहाणीच असतात! एकटीने उडवायची कितवी वेळ? तिसरी. तिसऱ्या वेळी माणूस सायकलवरूनही पडतो. चूक झाली. पोरीची चूक झाली, असं म्हणायला जड जातं, मान्य, पण मोठी माणसं म्हणतात ते —

ऐकलंत? टक टक टक. ही आहे. बायको माझी. चमच्याने पलंगाच्या दांडीवर वाजवते. तीन वर्षं झाली झटका येऊन — बोलणं गेलं, उजवी बाजू गेली, डावा हात तेवढा राहिला. एकदा वाजवलं की पाणी, दोनदा वाजवलं की कूस बदल. आणि तीनदा म्हणजे विमान आलं. माझ्याआधी तिला ऐकू जायचं, गंमत बघा. अहो हो, ऐकलं गं! आलो! — आता कुठलं विमान? शाळा बंद आहे दोन आठवडे, आभाळात चिटपाखरू नाही, आणि ही आपली तीनदा वाजवतेय. सवय लागलीय. तुम्ही लक्ष देऊ नका.

तुम्हाला वाटत असेल, म्हातारा काय माणूस आहे, दारात आलेल्या बापाला असं बोलतोय. वाटू दे. तुम्ही कधी राहिलात का विमानाच्या वळणाखाली? तुमची बेकरी आहे ना — पेपरात होतं — मग तुमच्या भट्टीजवळ दर चार मिनिटांनी कुणी पत्र्याचा डबा बडवला तर काय कराल? चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं, मी मोजलंय. मी आयुष्यभर वजनमाप खात्यात काढलं, दुकानदारांचे काटे तपासले, दहा ग्रॅमचा फरक सोडला नाही कुणाला. अंदाजे बोलणारा माणूस नाही मी. ही औषध घेऊन जरा डोळा लावते, की आलंच — गुर्रर्र — बरोब्बर आमच्या डोक्यावर येऊन वळायचं, आणि वळताना आवाज बदलतो, चिरका होतो, की ही दचकून जागी. डोळे असे मोठे. ओरडायला येत नाही ना तिला, नुसतं तोंड उघडायचं. दिवसातून पन्नास वेळा. नऊ पत्रं लिहिली मी. शाळेला, विमानतळाला, नगरपालिकेला. पोच आहे प्रत्येकाची. उत्तर? एकाचंही नाही. एकाचंही!

आला होता एकदा तो मिशीवाला मास्तर, खोटं कशाला बोलू. मागच्या वर्षी, बिस्किटांचा पुडा घेऊन. इथेच, तुम्ही उभे आहात तिथे उभा होता — त्यालाही बसायला दिलं नव्हतं. म्हणे, 'काका, काय करणार, आजूबाजूला इमारतीच इमारती झाल्या, वरून सगळं सारखंच दिसतं. नवीन पोरांना नेमकी खूण लागते, आणि तुमच्यासारखी टाकी दुसरी नाही.' जसं काही माझा सत्कारच करतोय! वर म्हणे, 'कधी रंग बदलायचा झाला तर आम्हाला तेवढा एक फोन करा, पोरांना आधी सांगायला बरं.' कार्ड देऊन गेला. ते काय, फोनजवळ काचेखाली आहे. एक फोन करा! नऊ पत्रांना उत्तर द्यायला यांना हात नाहीत, आणि मी यांना फोन करायचा. मी म्हटलं, करीन. म्हणायला काय जातं.

नखांकडे काय बघताय माझ्या? लाल रंग आहे, दुसरं काय असणार. गेटला दिला परवा. खालच्या गेटला. सेक्रेटरी म्हणजे काय नुसत्या सह्या करायच्या असतात वाटतं? रंगारी वेळेवर येत नाही, मग स्वतःच घ्यावा लागतो ब्रश. आता खिडकीशी कशाला गेलात? गेट बघायला? — हिरवं आहे. असेल हिरवं. आतून दिला असेल मी. अहो, आतून म्हणजे मीटरच्या खोलीच्या दाराला, गेट काय, दार काय, एकच ते! उलटतपासणी घ्यायला आलात का मुलीचं दुःख करायला आलात? एक ठरवा काहीतरी.

थांबा. तुमचा विश्वासच बसत नाहीये ना की आम्हाला त्रास होता? दाखवतो. ही बघा वही. माझी विमानांची वही. खालची मंडळी हसतात मला, 'कंट्रोल टॉवर' म्हणतात पाठीमागे — पाठीमागे कसलं, तोंडावर म्हणतात. हसू देत. तारीख, वेळ, कुठून आलं, कुठे वळलं, आवाज किती. तीन वर्षांची नोंद आहे. एक दिवस चुकलेला नाही. आमचे साहेब म्हणायचे, नोंद नाही तर घटना नाही. हे बघा, उघडा कुठलंही पान — नऊ बारा, डोक्यावर वळलं. नऊ सोळा, डोक्यावर वळलं. नऊ एकवीस, डोक्यावर वळलं, ही जागी झाली. नऊ पंचवीस, डोक्यावर. हे तीन वर्षं! तुम्हीच सांगा, सहन केलं असतं तुम्ही? शेवटी माणूसच आहे ना मी, एखाद्याने किती — अहो, पुढची पानं नका उलटू. तिथे काही नाही. जुनंच बघा ना, जुन्यात सगळं आलं. द्या इकडे. द्या म्हणतो ना!

वाचलंत.

मोठ्याने वाचा हवं तर. वाचा. की मीच वाचू? सोमवार. आठ बावन्न. 'वळलं नाही. उत्तम.'

असं बघू नका माझ्याकडे. ते आधी लिहिलंय. आधी म्हणजे — आधी. मी गच्चीवर होतो, वही हातातच होती, सोमवारी सकाळी मुद्दाम वर जाऊन थांबलो होतो. कशासाठी? अहो, उपाय लागू पडतो का ते बघायला! रविवारी त्यांची शाळा बंद असते, म्हणून रविवारीच रंगारी बोलावला. आभाळी रंग. मीच निवडला, फिका आभाळी, वरून बघणाऱ्याला टाकी आणि गच्ची एकच वाटावी असा. माझी टाकी आहे, आमच्या इमारतीची टाकी आहे, आम्ही तिला आभाळी देऊ नाहीतर ठिपके काढू, कुठल्या कायद्यात लिहिलंय की देऊ नये? माझा हिशेब साधा होता — टाकी दिसली नाही की इथे वळणार नाहीत. दुसरीकडे कुठे तरी वळतील. हॉस्पिटलवर वळतील, मोठ्या रस्त्यावर वळतील, जगात जागा थोडी आहे का! ही झोपेल. एवढंच. यात पोरीला मारायचं कुठे आलं? मला काय माहीत पहिलं विमान कुणाचं, आत कोण बसलंय, मास्तर शेजारी आहे की पोर एकटीच आहे! सकाळचं पहिलं विमान ते. खालून त्यांना आमची टाकी दिसतच नाही, मध्ये सगळ्या इमारती — तेव्हा मास्तरला तरी कुठून कळणार?

फोन? फोन करायचा होता, हो. कार्ड समोरच होतं. रविवारी संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा नजर गेली होती त्यावर. म्हटलं, नऊ पत्रं. म्हटलं, शोधू देत जरा. हेच म्हटलं मी — शोधू देत जरा. आता झालं समाधान? लिहून घ्या.

ऐका आता, आलात ना ऐकायला! ती नेहमीसारखी आली, हॉस्पिटलकडून, सरळ. मी गच्चीच्या कठड्याशी. आणि वळेना. पुढे आली, तरी वळेना. तीन वर्षांत पहिल्यांदा विमान आमच्यावर न वळता सरळ निघालं होतं, मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की काय सांगू — काचेत डोकं दिसत होतं तिचं, कानावर ते मोठं काळं लावलेलं, आणि ती खाली बघत होती. इकडे. तिकडे. पुन्हा इकडे. घरात हरवलेला चष्मा शोधतो ना आपण, तशी. आणि मी हात केला. असा. नाही, इशारा नाही, इशारा द्यायचं कुठे सुचलं — 'जा, जा पुढे' असा केला, शेळ्या हाकलतात तसा. तिने पाहिला की नाही, ठाऊक नाही. पाहिला असेल. मग मी ते लिहिलं. उत्तम. पेन खिशाला लावतोय तोवर आवाज बदलला. मान वर केली तर ती पार पलीकडे जाऊन एकदम वळत होती, पंख अगदी उभा, आणि मग तो आवाजच बंद —

नाही. पुढचं नाही करून दाखवणार मी.

लाल? लाल मी दिला. मंगळवारी दुपारी, ही झोपल्यावर. त्या येड्याचा तळाला उरलेला डबा माळ्यावर होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघा हा असा, शिडीवर चढलो आणि दिला. रंगारी परगावी गेला कामाला, तो काही बोलणार नाही. बुधवारी समितीवाले आले तेव्हा जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले, एकाने रुमाल नाकाला लावला, म्हणाला, 'रंगाचा वास येतोय का?' मी म्हटलं, खालच्या मजल्यावर काम चाललंय. फोटो काढले चार. सुस्पष्ट. आणि उतरले. तीस वर्षं मी लोकांच्या काट्याखालचे चुंबक शोधले हो — डोळ्यात डोळे घालून खोटं बोलणारा दुकानदार मला लगेच कळायचा. आणि मला कुणीच ओळखलं नाही. एकानेही एक प्रश्न जास्तीचा विचारला नाही. कामाला कुणी मन लावतच नाही आजकाल. काल पेपर आला. 'वैमानिकाने वळण्यास उशीर केला.' दोनदा वाचलं मी. चार वेळा वाचलं.

टक टक टक. ऐकताय ना? ते सवयीने नाही. खोटं बोललो मघाशी. सोमवारी मी वरून खाली आलो, तेव्हा ही जागी होती, आणि बघत होती माझ्याकडे. रविवारी तिलाच तर सांगितलं होतं ना मी, घास भरवताना, मोठ्या फुशारकीने — उद्यापासून तू झोपशील, बघ. तेव्हापासून झोपलेली नाही. औषध देतो, डोळे मिटत नाही. कुणीही दारात आलं, पोलीस, पेपरवाले, कुणीही, की वाजवते. तीनदा. मी दाराशी खोटं बोलत असतो आणि ही आतून वाजवत असते. अगं हो! हो! पुरे की आता! सांगितलं मी! सगळं सांगितलं, ऐकलंस ना?

रडताय कशाला? माझ्या दारात रडू नका. मला पाहवत नाही आणि मी डोळे पुसणार नाही, सांगून ठेवतो. मी माफीबिफी मागावी असं वाटत असेल तर तेही होणार नाही, तुमच्याकडे ती मागायला मी तरी कुठल्या तोंडाने उभा राहू. ही घ्या. चावी, चावी! हीच तर मागत होतात. पितळेची मोठी ती वरच्या दाराची. डब्यातला रंग कमी पडला मला — समोरची बाजू झाली, दोन्ही कडा झाल्या, मागची राहिली. टाकी आणि कठडा यांच्यामध्ये हातभर जागा आहे, आडवं होऊन सरकावं लागतं, म्हणून समितीवाले गेले नाहीत. तुम्ही जाल. मागे सगळी आभाळीच आहे. फोटो काढा तिचे, नखाने खरवडा, लाल रंगाखाली आभाळी निघतो का बघा, त्या समितीला नेऊन दाखवा. आणि हे पान न्या. न्या हो, फाडा, मी नाही फाडणार, माझ्याने वहीचं पान फाटत नाही — हं. तारीख आहे, वेळ आहे, अक्षर माझं आहे. सही करून देतो खाली, थांबा. झाली. लिहा म्हणावं आता अहवाल नीट.

आणि जा. परत येऊ नका चावी द्यायला. दारापुढच्या पायपुसण्याखाली ठेवा आणि तसेच खाली उतरा. आता कोण वाजवतंय? — कुणी नाही. थांबली ती. बघा, थांबली. जा म्हणतो ना, उभे काय राहिलात! आणि उतरताना बेल वाजवू नका. ही झोपेल आता.